शाळेची पॉडकास्ट स्पर्धा, विषय अंतराळ संशोधन, लेकरांना नेमकं काय बोलायला लावू?

वसमतकर_गुरुजी:

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे होती. आमची जिल्हा परिषदेची शाळा, वसमत तालुक्यात, आठवीपर्यंत वर्ग. २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त शाळांसाठी पॉडकास्ट स्पर्धा निघालीय अन् विषय म्हणून फक्त "अंतराळ संशोधन" एवढंच दिलंय, बाकी तुमचं तुम्ही बघा. गटात चार जण, पाच मिनिटांच्या वर एक सेकंद चालत नाही, मराठी चालतं, आवाज लेकरांचाच पाहिजे, मोठ्या माणसाचा आवाज आला की फाईल बाद.

तीन पोरी अन् एक पोरगं असे चौघं तयार झालेत, नुसते उड्या मारायलेत. पण त्यांनी जे लिहून आणलं ते बघून माझंच तोंड उतरलं. "अनादी काळापासून मानवाला अवकाशाचे कुतूहल आहे" इथून गाडी सुटते, मग १९७५ चा आर्यभट उपग्रह, मग १९८४ ला राकेश शर्मा, मग चांद्रयान एक दोन तीन, मंगळयान, आदित्य, गगनयान, अन् शेवटी जय हिंद जय महाराष्ट्र. कुठून तरी उतरवलेलं आहे, माहिती बरोबरच असंल, पण वाचताना लेकरू दम कुठं घ्यायचा तेच विसरतंय अन् ऐकणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला जांभई. हीच पोरं मधल्या सुट्टीत असलं भारी बोलतात की ऐकत बसावं, पण मोबाईल समोर धरला की एकदम वक्तृत्व स्पर्धाच सुरू, हात सुद्धा वर जातो.

मी स्वतः मराठी अन् इतिहास घेतो, विज्ञानाचे सर बदलून गेले त्यांची जागा रिकामीच आहे, त्यामुळं विषयात काय धरावं ते सांगा. दुसरं म्हणजे आमचे वर्ग पत्र्याचे, पाऊस लागला की शेजारच्याचं ऐकू येत नाही, स्टुडिओ बिडिओ तर नाहीच, मग रेकॉर्डिंग कसं करावं. अन् तिसरं, लेकरं घरी बोलतात तसं "आलाव, गेलाव, करायलंय" असं बोलली तर मार्क कटतात का? मुख्याध्यापकांचं म्हणणं शुद्धच पाहिजे.

कट्टा_संभाजीनगर:

सर डोळे झाकून चांद्रयान-३ घ्या. १४ जुलै २०२३ ला उड्डाण, २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी लँडिंग, दक्षिण ध्रुवाच्या जवळ उतरणारा पहिला देश आपला, अंतराळ दिनच मुळात त्याच्यामुळं आहे. सुरुवातीला काउंटडाऊन टाका, मागं रॉकेटचा आवाज, शेवटी टाळ्या, जज खूश. नाहीतर शुभांशू शुक्ला घ्या, २५ जून २०२५ ला गेले, जवळपास १८ दिवस स्पेस स्टेशनवर राहून आले, एकदम ताजा विषय.

परभणीची_ताई:

कट्टा दादा, राग मानू नका पण नका हो तो काउंटडाऊन. मी अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलेय, पॉडकास्टला नाही पण वक्तृत्व, विज्ञान नाटिका वगैरेंना, अन् दहातल्या आठ जणांची सुरुवात "तीन, दोन, एक" नेच होते. आम्ही परीक्षक मग एकमेकींकडं बघतो. कान तिथंच मिटतो, पुढं लेकरानं किती का जीव तोडला.

गुरुजी, चांद्रयान घ्यायचंच असंल तर अख्खं यान घेऊ नका, त्यातलं एकच काहीतरी धरा. आता प्रज्ञान रोव्हरच घ्या, चंद्रावर फिरलेली ती छोटी गाडी. २६ किलोचं ते, सेकंदाला एक सेंटीमीटर चालायचं, अन् सगळं मिळून साधारण १०० मीटर चाललं. लेकरांना ग्राउंडवर न्या, टेपनं १०० मीटर आखा अन् म्हणा आता सेकंदाला एक सेंटीमीटर चाला. न थांबता चाललं तरी पावणेतीन तास लागतात! दहा मिनिटांत पोरं कावून जातील, तोल जाईल, हसतील, एकमेकांवर खेकसतील, तेच रेकॉर्ड करा. मग एखादी विचारील, एवढं हळू काहून चालायचं? तर त्याचं उत्तर आहे, २७ ऑगस्टला प्रज्ञानच्या पुढ्यात ४ मीटर रुंदीचा खड्डा आला होता, ३ मीटर आधी दिसला म्हणून त्याला मागं वळवता आलं. तिथं उलटं पडलं तर सरळ करायला कोण जाणार? असं दोघं तिघं बोलले की झालं, अनादी काळ वगैरे काही लागत नाही.

अन् दुसरा असाच धागा म्हणजे ते झोपलं कशामुळं. चंद्रावर एकदा दिवस उगवला की आपले १४ दिवस उजेड, मग तेवढीच लांब रात्र, अन् रात्री थंडी इतकी की बॅटरी अन् सर्किटचा भरवसा नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांना, म्हणजे प्रज्ञानला घेऊन उतरलेल्या विक्रम लँडरला पण, झोपवलं, २२ तारखेला उठवायला गेले तर उत्तरच नाही. आमच्या भाचीला हे सांगितलं तर ती रडायलाच लागली, म्हणजे गोष्ट पोचते.

बोलीचं म्हणाल तर मार्क उच्चार स्पष्ट आहेत का याला असतात, घरच्या बोलीला कोणी कापत नाही, निदान मी तरी कापलेले नाहीत. मुख्याध्यापकांचं मन राखायचं असंल तर निवेदन करणाऱ्या पोरीला पुस्तकी बोलू द्या, बाकी तिघांचं आपसातलं बोलणं घरचंच ठेवा. उलट त्यानंच रंगत येईल.

कट्टा_संभाजीनगर:

राग कसला ताई, पटलं. मग अजून एक घ्या. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ, आठवतंय का कोणाला? आकाशातून जळत जळत लाल पिवळ्या रेघा गेल्या होत्या, आम्ही गच्चीवर होतो, खाली सगळी गल्ली ओरडायली, कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे मिसाईल, कोणी तर विमान पडलं म्हणून फोन लावायले. अन् चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. नंतर कळलं चिनी रॉकेटचा तुकडा. म्हणजे अंतराळातला कचरा हा विषय. गावातल्या आजी आजोबांची मुलाखत घ्या, त्यांनी काय बघितलं, काय वाटलं, भारी होईल.

वसमतकर_गुरुजी:

कल्पना एक नंबर, पण मोठ्यांचा आवाज चालत नाही ना. आजीचं बोलणं पोरीनं नक्कल करून सांगितलं तर चालंल का ते विचारावं लागंल. आमच्यातली एक पोरगी आजीची नक्कल असली करते की आजीलाच ऐकवली तर मार खाईल.

आवाजवाला_नांदेड:

रेकॉर्डिंगचं मी सांगतो, धंदाच आहे आपला, लग्नाच्या साऊंडपासून भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगपर्यंत.

पत्र्याच्या वर्गात अजिबात करू नका, पाऊस नसला तरी तिथं आवाज घुमतो. तुमच्या शाळेत खिचडीचा तांदूळ ठेवायची खोली असंल की नाही? बस, तोच तुमचा स्टुडिओ. चारी बाजूंनी पोती रचलेली असली की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, पोत्यात मुरतो. दारावर सतरंजी टांगा, खाली पण एक टाका, पंखा बंद. उंदीर खुडबुड करत असतील तर त्यांना आधी हाकला, त्यांचा आवाज फार स्पष्ट येतो, अनुभवाचं सांगतो.

मोबाईल फ्लाईट मोडवर, नाहीतर नेमका चांगला टेक चालू असताना फोन येतो. मोबाईल हातात धरू द्यायचा नाही, बोटं घासल्याचा आवाज येतो, दोन वह्यांवर ठेवा तोंडापासून एक वीत अंतरावर, अन् तोंडाच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला. कारण प, फ, भ म्हणताना हवेचा झोत माईकवर बसतो अन् "फट्" असा येतो. पृथ्वी, परिभ्रमण, उपग्रह, तुमच्या विषयात तर प ची जत्राच आहे.

बोलायला सुरुवात करायच्या आधी खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. लोकं म्हणतात शांतता कशाला, पण नंतर दोन वाक्यं जोडताना मधी तीच भरावी लागते, नाहीतर जोड कळतो. जोडायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर पण चालतं. अन् कागद बघून वाचू देऊ नका. मिनिटाला साधारण ११०, १२० शब्द धरा, म्हणजे पाच मिनिटांत सहाशेच्या आतच. तुमचा तो आर्यभट ते गगनयान निबंध किती शब्दांचा आहे मोजून बघा, मग कळंल लेकरू दम काहून विसरायलं ते.

सिनेमाचं म्युझिक मागं लावू नका, बऱ्याच स्पर्धांत कॉपीराईटवरून थेट बाद करतात. नासाचे आवाज मात्र बहुतेक फुकट वापरता येतात, नुसतं श्रेय द्यायचं. त्यात पर्सिव्हरन्स नावाची त्यांची गाडी १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरली, तिच्यावर माईक आहे. तिथल्या वाऱ्याचा, तिच्या चाकांचा, अन् ते इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर उडायचं त्याचा खरा आवाज रेकॉर्ड झालाय. तिथं हवा कार्बन डायऑक्साईडची अन् थंड, म्हणून आवाज सेकंदाला २४० मीटरच्या आसपास पळतो, आपल्याकडं ३४०. मला विचाराल तर पॉडकास्टला ह्याच्यावाणी विषय नाही, कानाचंच काम.

जालन्याचा_तारेवाला:

गुरुजी, तुम्ही वसमतचे अन् इथं सगळे तुम्हाला चंद्रावर, मंगळावर पाठवायलेत. तुमच्या शेजारी औंढा नागनाथजवळ लायगो उभं राहतंय ते सोडून कुठं चाललात?

थोडक्यात सांगतो. तारे किंवा कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच हलतं, त्या लाटा सगळीकडं पसरतात, त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या पकडायला जमिनीवर इंग्रजी एल आकारात दोन लांब नळ्या टाकायच्या, प्रत्येक ४ किलोमीटर, आतली हवा पूर्ण काढून टाकायची, दोन्हीकडं लेसर सोडायचा, टोकाला आरसे. लाट आली की एक भुजा किंचित लांब, दुसरी किंचित आखूड होते. किंचित म्हणजे किती, तर प्रोटॉनच्या आकाराच्याही शेकडो पट कमी! अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा अशी लाट पकडली, फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केलं. दोन कृष्णविवरं, एक ३६ सूर्यांएवढं, दुसरं २९ सूर्यांएवढं, अन् घटना घडलेली साधारण १३० कोटी वर्षांपूर्वी. आपल्याकडच्या लायगोला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, २६०० कोटींचा खर्च, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे लोक त्यात आहेत. पूर्ण व्हायला अजून वेळ आहे, पण जागा हिंगोली जिल्ह्यातली आहे, आपल्या.

आता पॉडकास्टसाठी हे भारी कशामुळं, तर ती पहिली लाट मोजली तेव्हा तिची कंपनं ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा, चढत गेली होती, अन् माणसाच्या कानाला २० च्या पुढचं ऐकू येतं. म्हणजे त्या आलेखाचा सरळ आवाज करता येतो. खालून वर चढणारा "वूऽऽप" असा, पाव सेकंदाच्या आत संपतो. कृष्णविवरांची टक्कर कानानं ऐकायची, अन् ती ऐकवणारं यंत्र आपल्या जिल्ह्यात होणार, पाच मिनिटांना अजून काय पाहिजे? फक्त एक सांभाळा, अंतराळात आवाज जात नाही, हे लेकरांनी स्वतःच बोलून टाकायचं, की हा तिथला आवाज नाही, मोजलेल्या लाटेचा आम्ही आवाज केलाय. नाहीतर परीक्षक नेमका तिथंच धरतो.

गोदाकाठ:

विषय "अंतराळ संशोधन" आहे. लायगो जमिनीवर असतं, ते यान नाही. उद्या लोणार पण घाला म्हणाल, ते तर बुलढाण्यात येतं, विदर्भात. अन् दुसरी शंका, हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये अन् परत जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड परभणीपर्यंत लोकं घराबाहेर पळाली. एवढं नाजूक यंत्र तिथंच काहून? आम्ही किल्लारी पाहिलेली माणसं, ३० सप्टेंबर १९९३, आम्हाला हे पटकन पचत नाही.

विषय हवाच असेल तर व्हॉयेजर घ्या. १९७७ ला दोन यानं निघाली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, ५५ भाषांत नमस्कार आहेत अन् त्यात मराठी पण आहे. शिवाय केसरबाई केरकरांची भैरवी. व्हॉयेजर-१ आता इतकं लांब गेलंय की तिथून निघालेला संदेश यायला २३ तासांहून जास्त लागतात. तुमचे मुख्याध्यापक भाषेवरून अडलेत ना, त्यांना सांगा की मराठी सूर्यमालेच्या कडेला पोचलीय, आपण अजून शुद्ध की अशुद्ध यातच.

जालन्याचा_तारेवाला:

गोदाकाठ भाऊ, दुर्बीण पण जमिनीवरच असते की, खोडदची जीएमआरटी जमिनीवरच आहे, तिला कोणी अंतराळ संशोधन नाही म्हणत नाही. तरी गुरुजींनी आयोजकांना एक ओळीचा मेल टाकून विचारून घ्यावं, वाद नको. अन् लोणारचं म्हणाल तर जिल्हा कोणताही असो, आमच्या मंठ्याहून ते तासाभराच्या आत येतं, बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेला खड्डा आहे अन् चंद्रावर काळे डाग दिसतात तिथं पण बेसाल्टच, त्यामुळं तो विषय अजिबात बाहेरचा नाही. पण ते राहू द्या.

भूकंपाची शंका मात्र रास्त आहे. अशा यंत्राला मुख्य त्रास रोजच्या थरथरीचा असतो, हायवे, रेल्वे, कारखाने, म्हणून जागा शांत बघतात. मोठा धक्का आला तर यंत्राचं मोजमाप तेवढ्यापुरतं तुटतं, अमेरिकेतल्या यंत्रांचं पण तुटतं, लांबच्या देशातल्या भूकंपानं सुद्धा, मग परत जुळवून घेतात.

वसमतकर_गुरुजी:

मंडळी, काल लेकरांना हे सगळं मोबाईलवरून वाचून दाखवलं. ग्राउंडवर प्रज्ञान चालायचा खेळ तर लगेच करून बघितला, पोरगं चार मिनिटांत खाली बसलं अन् म्हणालं सर ह्याच्यापेक्षा मुंगी बरी. म्हटलं विषय ठरला.

पण नंतर लायगोचं सांगितलं अन् आमच्यातली सातवीतली पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, तिनं विचारलं, "सर, मग त्या मशीनला आमच्या गावाखालचा आवाज पण ऐकू येईल का?" एकदम सगळे गप. तुम्हाला माहीत असंल, आमच्याकडं पांगरा शिंदे अन् आजूबाजूच्या गावांत जमिनीखालून गडगड आवाज येतात, वर्षानुवर्षं, मधूनच भांडी वाजतात अन् लोकं अंगणात येतात. ही पोरगी तिकडचीच. तिला आवाज आल्यावर किती वाजले होते, कुत्रे कुठल्या बाजूला भुंकत होते, आजीनं आधी दिवा लावला की आधी गाय सोडली, सगळं पाठ आहे. सांगताना तिचा हात एकदाही वर गेला नाही.

तर तारेवाला साहेब, खरंच ऐकू येईल का? तिला उत्तर द्यायचंय.

जालन्याचा_तारेवाला:

गुरुजी, हा प्रश्न सोडू नका. हाच पॉडकास्ट आहे, बाकी सगळं गुंडाळून ठेवा.

उत्तर असं. ऐकू येईल, पण त्या यंत्राला तो नको असतो. त्याचं निम्मं काम जवळचं ऐकायचं नाही हेच आहे. त्यासाठी आरसे, एकेक ४० किलोचा, एकाखाली एक असे चार लोलक करून टांगतात, सगळ्यात शेवटचा काचेच्या अगदी बारीक तंतूंवर. हे वर्गात करता येतं, दोरीला दगड बांधा अन् वरचं टोक हातानं भराभरा पण थोडं थोडं हलवा, खालचा दगड जवळजवळ जागेवरच राहतो. सावकाश हलवलं तर मात्र दगड पण झुलतो. पोरांना दोन्ही करू द्या अन् करता करता बोलू द्या.

तरीही थोडं हलणारच, मग खरं खोटं कसं कळणार? म्हणून यंत्राभोवती भूकंपमापक लावतात, माईक सुद्धा लावतात, जमीन हलली तर ती हलली म्हणून वेगळी नोंद होते. अन् सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे एकच यंत्र ठेवत नाहीत. अमेरिकेतली दोन यंत्रं एकमेकांपासून ३००० किलोमीटर लांब आहेत. एकीकडं ट्रक गेला तर दुसरीकडं पत्ताच नाही. पण २०१५ ला दोन्हीकडं तोच आकार दिसला, एकात आधी अन् दुसऱ्यात सेकंदाच्या हजारातल्या ७ भागांनी नंतर, तेव्हा मानलं की हे बाहेरून आलंय. औंढ्याचं यंत्र पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असणार, म्हणून लाट आकाशात कुठून आली ते जास्त नेमकं सांगता येईल, त्यासाठीच ते पाहिजे.

म्हणजे त्या पोरीला सांगा, तुमच्या गावाखालचा आवाज औंढ्यात नोंदला जाईल पण अमेरिकेत नाही, अन् कृष्णविवरांचा दोन्हीकडं. एवढंच उत्तर. ते तिनं तिच्या शब्दांत सांगायचं, माझ्या नाही.

गोदाकाठ:

हे पटलं. नियमाचं मात्र विचारून घ्या.

परभणीची_ताई:

अगं बाई, काटा आला अंगावर. गुरुजी, सुरुवात थेट तिच्या त्या रात्रीपासून करा, "नमस्कार मी अमुक तमुक इयत्ता सातवी" हे नकोच, नावं शेवटी घ्या. दोन मिनिटं तिची, मग तिचा प्रश्न, मग बाकीचे तिघं दगड दोरी घेऊन भांडत भांडत उत्तर शोधतात, अन् मधी तो वूऽप. प्रज्ञानचं कितीही आवडलं असलं तरी ह्यात कोंबू नका, पुढच्या वर्षी वापरा. अन् तिला पाठ करायला लावू नका, तुम्ही समोर बसा अन् तिला तुम्हालाच सांगू द्या, तुमचे "हं हं" नंतर कापता येतील.

आवाजवाला_नांदेड:

"हं हं" म्हणूच नका, मान हलवा फक्त, कापताना तिचा शब्द पण जातो.

त्या वूऽप चं ऐका. लायगोच्या साइटवर तो आवाज ऐकायला मिळतो, पण दोन प्रकारचा असतो, एक आहे तसा अन् एक वरच्या पट्टीत सरकवलेला. आहे तसा ३५ हर्ट्झपासून सुरू होतो, तो मोबाईलच्या स्पीकरवर येतच नाही, अन् परीक्षक हेडफोन लावूनच ऐकतील याचा काय भरवसा. सरकवलेला घ्या अन् पोरांनी बोलून टाकावं की ऐकू यावा म्हणून वर सरकवलाय. त्याच्या आधी पूर्ण एक सेकंद काहीच ठेवू नका, लगेच बोलणं नको, नंतर पण एक सेकंद सोडा. परिपाठाची पेटी असंल तर अजून मजा, २५० हर्ट्झ म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढरीच्या किंचित खाली, तो सूर धरून एकीनं म्हणायचं की टक्कर इथं संपली.

पोरीची गोष्ट तांदळाच्या खोलीतच घ्या, दगड दोरीचं मात्र व्हरांड्यात घ्या, जरा मोकळा आवाज पाहिजे तिथं. पाऊस असला तर असू द्या.

वसमतकर_गुरुजी:

आयोजकांचं उत्तर आलं, लायगो चालतं, फक्त अंतराळाशी संबंध स्पष्ट सांगा म्हणाले. मुख्याध्यापकांनी पोरीचं बोलणं ऐकलं अन् शुद्ध अशुद्धचा विषय त्यांनी परत काढला नाही. खिचडीवाल्या मावशींनी खोलीची किल्ली दिलीय, अट एकच, पोत्यांवर चढायचं नाही.

शेवटचं विचारतो, फाईल कशी पाठवू? मी व्हॉट्सॲपवर माझ्या पुतण्याला पाठवणार अन् तो तिथून अपलोड करणार, त्याच्याकडं नेट चांगलं आहे.

आवाजवाला_नांदेड:

व्हॉइस नोट म्हणून अजिबात पाठवू नका गुरुजी, त्यात आवाज दाबला जातो. ऑडॅसिटीतून एमपी३ काढा अन् अटॅचमेंटमध्ये डॉक्युमेंट निवडून पाठवा. लांबी चार मिनिटं पन्नास सेकंदांवरच थांबवा, काही साइट सेकंद वर धरतात. अन् शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी साइट लटकतेच.